आवार, कुंपण आणि कंपाउंड

मुंबईतील मानखुर्द, गोवंडी आणि देवनार या पट्ट्यात ज्याला आपला ठावठिकाणा सांगावयाचा असतो, त्याचे 'कंपाउंड' या शब्दावाचून बहुधा भागत नाही. मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड आहे, गोवंडीला नटवर पारेख कंपाउंड आहे. शहरात अन्यत्र गिरण्यांची, गोदामांची आणि जुन्या बंगल्यांची कंपाउंडे आहेत ती निराळीच. इतका रुळलेला शब्द आता परका मानण्यात अर्थ नाही आणि त्याला हद्दपार करावे असे माझे म्हणणेही नाही. परंतु या एका शब्दाने आपल्या भाषेतील दोन भिन्न वस्तू एकत्र केल्या असून त्याची झळ मानखुर्दसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष लागते, हे मात्र स्पष्टपणे लिहिले पाहिजे असे वाटते.

इंग्रजीत या शब्दाचा पसारा फार मोठा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तो मूलद्रव्यांच्या संयोगासाठी येतो, सावकाराच्या वहीत वाढत्या व्याजासाठी, व्याकरणात जोडशब्दासाठी, वनस्पतिशास्त्रात अनेक पर्णिका असलेल्या पानासाठी आणि न्यायालयात फिर्यादी व आरोपी यांच्यातील समेटासाठी. आपल्या पूर्वसूरींनी या प्रत्येक ठिकाणी शब्दामागचा अर्थ पाहिला आणि त्या अर्थाला शोभेल असा शब्द दिला: संयुग, चक्रवाढ, सामासिक शब्द, संयुक्त पान, तडजोड. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९व्या कलमात जे गुन्हे आपसात मिटविता येतात त्यांची गणना आहे. त्यांना 'तडजोडयोग्य' म्हटले की खेड्यातल्या पक्षकारालाही वकिलाने समजावून सांगावे लागत नाही. दवाखान्यातला कंपाउंडर तेवढा जसाच्या तसा राहिला. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून औषधाच्या मात्रा दाखविणारा तो गृहस्थ रसायनशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने संयुग नव्हे तर मिश्रण तयार करीत असे. पण लोकांनी त्याला आपलासा केला तो त्याच्या हुद्द्यासह, आणि ते योग्यच झाले.

घराभोवतालच्या कंपाउंडाची कुळकथा मात्र सर्वस्वी वेगळी आहे. संयुग आणि चक्रवाढ या अर्थांच्या इंग्रजी शब्दामागे लॅटिन धातू आहे. घराभोवतालचे कंपाउंड मलाय भाषेतील वाडी किंवा वस्ती या अर्थाच्या 'कांपुंग' शब्दावरून आले, असे बहुतेक कोशकार मानतात. पूर्वेकडील बंदरांत वखारी घालणाऱ्या पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इंग्रजांकडे गेला आणि इंग्रजांनी आधीच जवळ असलेल्या लॅटिन शब्दाच्या साच्यात त्याला बसविले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या व्युत्पत्तीची सविस्तर चर्चा आहे. म्हणजे ज्याला आपण साहेबाचा शब्द समजतो, तो मुळात साहेबाचा नाहीच. तो आशियातल्याच एका किनाऱ्यावरचा आहे आणि त्याचा मूळ अर्थ भिंत असा नसून माणसांनी वसविलेली जागा असा आहे.

शास्त्रांच्या बाबतीत आपण जो विवेक दाखविला तो घराच्या बाबतीत दाखविला नाही. वास्तविक मराठीची समृद्धी इथेच अधिक होती. घरापुढचे ते अंगण, मागचे ते परसू, घराच्या चोहोबाजूंची मिळून जी जागा ते आवार. आणि त्या आवाराच्या हद्दीवर जे उभे केले जाते ते कुंपण. कोकणात दगड रचून केलेला तो गडगा आणि झाडोऱ्याची ती वई. जागेचे शब्द वेगळे आणि जागा अडविणाऱ्या वस्तूचे शब्द वेगळे, अशी ही व्यवस्था होती. आज 'कंपाउंड घातले' म्हणजे भिंत बांधली आणि 'मुले कंपाउंडात खेळतात' म्हणजे मोकळ्या जागेत खेळतात, असे दोन्ही अर्थ एकाच शब्दाने सांगितले जातात. सोसायटीच्या सभेत 'कंपाउंडच्या कामासाठी वर्गणी' असा ठराव होतो. त्यात भिंतीची डागडुजी अभिप्रेत आहे की तुंबलेल्या जागेची फरसबंदी, हे इतिवृत्तावरून कळत नाही आणि पुढे त्यावरूनच कज्जे उभे राहतात.

बोलण्यातील ही ढिलाई एरवी खपून गेली असती, पण मानखुर्दसारख्या ठिकाणी ती खपत नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रूळ आणि रस्ते रुंद करण्यासाठी लाखभराहून अधिक माणसांचे स्थलांतर योजले गेले आणि त्यांतील पुष्कळांची रवानगी या शतकाच्या आरंभी लल्लूभाई कंपाउंडासारख्या वसाहतींत झाली. कुटुंबागणिक २२५ चौरस फुटांची खोली पक्की, मालकीची आणि फुकट मिळाली. रुळांलगतच्या झोपडीत ज्यांचा जन्म गेला त्यांच्या दृष्टीने ही प्राप्ती थोडी नव्हती आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांनी हेक्टरी किमान ५०० घरांची दाटी आवश्यक ठरविली आणि इमारतींमधील अंतराच्या बाबतीत सवलतींवर सवलती दिल्या, तेव्हा कमी झाले ते आवार. दोन इमारतींच्या मध्ये काही ठिकाणी सुमारे तीन मीटरची चिंचोळी पट्टी उरली. त्या पट्टीत मलवाहिन्या उतरतात, वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा साचतो आणि पावसाळ्यात पाणी थांबते. तळमजल्यावरची गृहिणी भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडते, खिडकी मात्र दुर्गंधीमुळे बंदच ठेवते.

याचा परिणाम शास्त्रीय पाहणीतही उमटला आहे. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या पुढाकाराने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहतींचा अभ्यास होऊन तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. खेळती हवा आणि सूर्यप्रकाश जेथे घरात पोहोचत नाहीत तेथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक, असा संबंध त्यात दाखविण्यात आला. आणि तीन वसाहतींपैकी पीएमजीपी कॉलनी, जिथे इमारती तुलनेने मोकळ्या आहेत, तिची स्थिती इतर दोहींहून बरी आढळली. नावात कंपाउंड नसलेल्या वसाहतीला आवार आहे आणि नावातच कंपाउंड असलेल्या वसाहतींना ते नाही, ही वस्तुस्थिती माझ्या मनाला फार लागते.

कोणी म्हणेल की शब्द बदलल्याने दोन इमारतींमधील अंतर वाढत नाही. ते खरेच आहे. परंतु नकाशा मंजूर होतो, ताबापावती दिली जाते, देखभालीचा निधी वाटला जातो, हा सारा व्यवहार कागदोपत्री होतो, आणि ज्या वस्तूला कागदावर स्वतंत्र नाव नाही तिची मागणी करणे रहिवाशाला जड जाते. 'आम्हाला कंपाउंड नाही' असा अर्ज त्याने केला तर अभियंता येऊन भिंतीकडे बोट दाखवितो आणि अर्ज दप्तरी दाखल होतो. 'आम्हाला आवार नाही' या अर्जाला तसे उत्तर देता येणार नाही.

लल्लूभाई कंपाउंड हे नाव तसेच राहावे. तिथे वाढलेल्या मुलांचा तो पत्ता आहे आणि त्याविषयी त्यांना ममत्व आहे. मात्र महानगरपालिका, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी यापुढे प्रत्येक पुनर्वसन इमारतीच्या मराठी कागदपत्रांत कुंपणाची लांबी आणि आवाराचे क्षेत्रफळ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत, आवाराच्या रकान्यात मलवाहिन्यांची पट्टी धरू नये, आणि तो रकाना रिकामा असलेला नकाशा मंजूर करू नये.