बाईला कोण विचारणार?

आपल्या हिवरखेडात काय किंवा साऱ्या वऱ्हाडात काय, बाईच्या अंगात येते याचे कुणाला नवल वाटत नाही. नवरात्रात ती घुमू लागली की आपण हात जोडतो, ओटी भरतो, नवस बोलतो. तीच बाई अवेळी घुमली की बाहेरची बाधा ठरवून तिला भगताकडे ओढत नेतो. मिरचीची धुरी देतो, केस धरून भुताचे नाव विचारतो. देवीला विचारतो, भुताला विचारतो. त्या बाईला मात्र कधीच काही विचारत नाही. मूल नाही म्हणून ऐकलेले टोमणे, पऱ्हाटीत दिवसभर राबून रात्री खाल्लेला मार, कर्जापायी नवरा गेल्यावर तिच्या एकटीच्या डोक्यावर आलेला संसार, हे तिने बोलावे कुणापाशी? सोसण्याची ही शिकवण आईकडून लेकीकडे येत राहिली आणि आपण पुरुषांनी तिलाच संस्कार म्हणून मिरवले.

दडपलेले दुःख मरत नाही. १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी हिस्टेरिया या मनोविकारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या पाचही रुग्णकथा स्त्रियांच्या आहेत. त्यांतल्या एकीचा हात लुळा पडला होता, मातृभाषाही तिच्या तोंडून नाहीशी झाली होती. मन मोकळे करता करता दुखणे हलके होते, हे त्या डॉक्टरांना तिच्याकडूनच उमगले. फ्रॉइडचे सगळे सिद्धान्त पुढे टिकले नाहीत. पण जे जिभेवर येऊ दिले जात नाही ते देहातून वाट काढते, ही त्यांची जाण आपल्या घराघरांत आजही खरी ठरते आहे.

अंगात येण्याच्या या प्रकाराला आपण श्रद्धा म्हणतो. पण गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. कीर्तनात ते समोरच्या माणसालाच प्रश्न विचारत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढत. त्यांची तसबीर आपण भिंतीवर लावली, विचारण्याची त्यांची रीत मात्र घरात घेतली नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, धुरी देणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसिक आजारावर सरकारी उपचार मिळणे हा २०१७च्या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. कायदा भगताचा हात धरील. पण जिला स्वतःच्या नावाने रडण्याचीही मुभा नाही, तिला देवीच्या नावाने ओरडायला आपणच लावले आहे. मनाच्या तळाशी उतरून स्वतःला ओळखणे हे अध्यात्म असेल, तर त्याची पहिली पायरी आपल्याच घरात आहे: सून, बहीण, बायको शुद्धीवर असताना तिच्यापाशी बसावे, तिला काय होते ते विचारावे आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकावे. त्या ऐकण्यात आपलाच दोष निघेल. तो कबूल करण्याइतके धैर्य आपल्यात आहे. आजवर ते आपण वापरले नाही, एवढेच.