गोदावरीकाठचं सोलापूर

बाहेरचा परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेल्या एका प्रबंधात सोलापूर गोदावरीच्या काठी वसलेलं होतं. तिथे दर बारा वर्षांनी कुंभमेळाही भरत होता. विषय द्राक्षबागायतदारांच्या पतपुरवठ्याचा. नाशिकवरचा कुणाचा तरी जुना प्रबंध उचलायचा, 'नाशिक'च्या जागी 'सोलापूर' घालायची कळ दाबायची, झालं संशोधन. सोबत साम्य-तपासणीचं प्रमाणपत्र होतं : सात टक्के, म्हणजे निर्दोष. कारण मूळ प्रबंध श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला. माणसाला ते मराठी दिसतं, यंत्राला नुसती रोमन अक्षरांची खिचडी.

त्यामुळे 'आता सॉफ्टवेअर आलंय, चोऱ्या आपोआप थांबतील' असं कुणी म्हटलं की मला ते सोलापूर आठवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम पाहा. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत दुरुस्ती, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलं तर तो योगायोग समजायचा. हेतू वाईट नव्हता. पण चोरीला टक्केवारी लावली की चोर गणित शिकतो. चौदा शब्द माफ असतील तर तेरावा बदलायचा, एवढंच. इंग्रजीत तर या धंद्याची बोलीच तयार झाली आहे. संगणकशास्त्रज्ञ गिलोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'ला 'काउंटरफिट कॉन्शसनेस' म्हणजे खोटी जाणीव म्हटलेलं सापडतं. 'ब्रेस्ट कॅन्सर'चं तर 'बोसम पेरिल' झालेलं. यंत्राने शब्द फिरवले, यंत्रानेच ते निर्मळ ठरवले, आणि छापण्यापूर्वी ते एका माणसाने तरी वाचले असतील यावर माझा विश्वास नाही.

दुसरं म्हणणं माझ्या पिढीचं : आमच्या वेळी असं नव्हतं. होतं की! मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले म्हणून शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, ते १९८६ साली. तेव्हा खुर्ची गेली, एवढाच काय तो फरक.

तिसरं समर्थन जरा विद्वानांचं आहे. आपली परंपरा मौखिक, सामूहिक; मालकीची कल्पना परकी; मग उचलेगिरीचा एवढा बाऊ कशाला? हे ऐकलं की एकनाथ आठवतात. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घुसडेल तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. कुणाचं काय आणि आपलं किती, याचा हिशेब या भाषेत चारशे वर्षांपूर्वीच मांडलेला आहे. तो आयोगाने शिकवायची गरज नव्हती.

उरला तो पोटाचा मुद्दा. तो मी झटकून टाकणार नाही. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं शिकवणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. सुट्टी लागली की त्यांचा पगार बंद. कायम जागेचा 'रेट' चहाच्या टपरीवर बोलला जातो. जिथे खुर्चीच विकत घ्यायची, तिथे प्रबंध तेवढा घाम गाळून लिही, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? इथपर्यंत मान्य. पण या कळवळ्याच्या आडोशाला भलतीच माणसं उभी असतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाची सही असते, की हे काम माझ्या देखरेखीखाली झालं. नाशिकचं सोलापूर झालं तेव्हा हे गृहस्थ कुठे होते? मी नकाराचा अहवाल पाठवला, तसा त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "सर, एवढं बारीक कोण वाचतं?"

सगळं प्रकरण त्या प्रश्नात आहे. वाचणं हेच ज्यांचं काम, त्यांनी ते सोडून दिलं आणि प्रमाणपत्रावरचा आकडा वाचायला घेतला. म्हणून माझं मागणं यंत्राचं नाही, माणसाच्या नावाचं आहे. प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढतो, तसे परीक्षकांचे अहवालही नावानिशी चढवा. 'काम समाधानकारक आहे' अशा दोन ओळी लिहिणाऱ्याच्या त्या दोन ओळी जगाला दिसू द्या. चोरी सापडली तर मार्गदर्शकाच्या आठही जागा गोठवा. आणि मौखिकीला पेढ्यांच्या आधी कच्चा माल टेबलावर येऊ द्या.

मी भरलेल्या प्रश्नावल्यांचं गाठोडं मागवतो. एकदा आलं, तर तीनशे शेतकऱ्यांनी एकाच निळ्या रिफिलने, एकाच वळणाचा 'श' काढून उत्तरं दिली होती. दुसऱ्या एका मुलीने आणलेले कागद भिजून वाळलेले, चहाचे डाग पडलेले. एकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'बोअरचं विचारलं, रडले.' तिची भाषा ओबडधोबड होती, पण कुठल्याही पानावर बोट ठेवलं तरी ते गाव कुठलं, कुणाच्या ओट्यावर बसून विचारलं, हे ती सांगत होती. तिचा प्रबंध आधी एकदा परत गेला होता. साम्य एकोणीस टक्के निघालं म्हणून. शासन निर्णयांतले उतारे तिने अवतरणात, क्रमांक-तारखेसह जसेच्या तसे घेतले होते. नियमात त्यांना सूट आहे. पण अवतरणं वगळायची खूण सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला ठाऊक नव्हती. त्यात तिचे सहा महिने गेले.

सोलापूरचा प्रबंध तिसऱ्या परीक्षकाकडे गेला. त्यांचा अहवाल पंधरा दिवसांत आला, असं कळलं. समाधानकारक.