सातला बटण बंद!

सकाळचे सव्वासहा. खांद्यावर टॉवेल टाकून आम्ही चौघी बाथरूमबाहेर रांगेत, पाचवी आत. आणि जिन्याखालून घरमालकीण काकूंचा रोजचा आवाज, "पोरींनो, सातला बटण बंद हं!" पुण्यात कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगायला नको. ज्यांचा नंबर शेवटचा, त्यांचा जानेवारी वेगळाच असतो.

पहिलं वर्षभर मी काकूंना मनातल्या मनात कंजूष म्हटलं. मग एकदा त्यांनी लाइट बिल समोर धरलं, आणि मी गणित करायला बसले. दहावीच्या पुस्तकातली विशिष्ट उष्माधारकता आठवते? नसेल तर थेट उत्तर घ्या. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला जवळपास अर्धा युनिट वीज लागते. पाचजणींच्या अंघोळी म्हणजे दिवसाला अडीच युनिट. काकू कंजूष नव्हत्या, हिशेबी होत्या.

"मग फाइव्ह स्टार गीझर घ्यायचा ना!" हे मीही म्हटलं होतं. पण गीझरवरचे तारे मोजतात ते वेगळंच. तापवलेलं पाणी टाकीत नुसतं पडून असताना किती उष्णता निसटते, त्यावर ते तारे मिळतात. पाणी तापवायला लागणारी वीज एक तारा असो की पाच, तेवढीच. कॉइलमध्ये एक युनिट वीज घाला, एका युनिटाचीच उष्णता मिळणार. इथे सूट नाही.

सूट मिळते ती हीट पंपात. नाव भारी आहे, वस्तू ओळखीची आहे. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतं. आतल्या भाजीतली उष्णता उपसून फ्रिज ती बाहेर टाकत असतो. हीट पंप हेच उलट्या दिशेने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज लागते ती उपसायला, उष्णता तयार करायला नाही. म्हणून आपल्याकडच्या हवेत एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता हाती लागते. यात जादू नाही आणि हे नवीनही नाही. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर या इंजिनिअरने 1856 मध्ये मिठागरात ही कल्पना चालवून दाखवली होती. जपानमध्ये 2001 पासून असे वॉटर हीटर 'इकोक्यूट' नावाने घरोघर गेले. (नावातला 'क्यूट' इंग्रजी नाही बरं का, जपानीत 'क्यूतो' म्हणजे गरम पाण्याचा पुरवठा. मला हे कळलं तेव्हा उगाच आनंद झाला होता.)

आता गंमत बघा. बाहेरची हवा जितकी गार, तितकी या यंत्राला उपसायला मेहनत जास्त. तरी नॉर्वे-स्वीडनसारख्या बर्फाच्या देशांत ही यंत्रं घराघरांत आहेत. आणि आपण? पुणे, नाशिक, कोल्हापूरला थंडी कडक पडली तरी ती पहाटेपुरती, आणि दुपारी परत स्वेटर कमरेला. पावसाळ्यात सोलर रुसून बसतो, पण तेव्हाची दमट, कोमट हवा हीट पंपाला मानवते. सोलरच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी बॅकअप म्हणून काय असतं? कॉइलच. म्हणजे फिरून गीझरच.

तर मग उद्या सगळ्यांनी हीट पंप घ्यायचा का? नाही. इथेच माझं जाहिरातींशी पटत नाही. चौघांच्या घरात दिवसाला चार बादल्या धरा, युनिटला दहा रुपये धरा. वाचतात दिवसाला बारा रुपये. यंत्राची किंमत लाखाच्या आसपास. वसूल व्हायला वीस वर्षांहून जास्त, तोवर यंत्रच टिकेल की नाही कोण जाणे. आईबाबांना गळ घालू नका, ऐकायचे नाहीत आणि बरोबर असतील.

पण 60 मुलींचं हॉस्टेल घ्या. दिवसाला 28 युनिट लागतात तिथे नऊ-दहा लागतील. पाइपांत थोडी उष्णता वाया गेली तरी महिन्याला चार-पाच हजार रुपये शिल्लक. शिवाय सातच्या बटणाची कटकट नाही, कारण मोठी टाकी रात्रभर आरामात तापत राहते. अंघोळी जितक्या जास्त आणि रोजच्या, तितकं हे यंत्र परवडतं. म्हणजे हीट पंपाची पहिली जागा बंगल्यात नाही, हॉस्टेलात आणि पीजीत आहे.

जुन्या इमारतीत अडचणी आहेत, नाकारत नाही. भरलेली टाकी काही शे किलोंची होते, ती कुठल्याही गच्चीवर ठेवून चालत नाही. आधी स्लॅब बघून घ्यायला इंजिनिअर आणावा लागतो. यंत्राला मोकळी हवा लागते, ते एसीच्या बाहेरच्या युनिटासारखं घूं करतं, शेजारच्या आजोबांच्या खिडकीखाली बसवलं तर भांडण ठरलेलं. गरम पाण्याची लाइनच नसेल तर भिंती फोडा. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर आणखी डोकेदुखी. एक फायदा मात्र जुन्या घरांचाच आहे. पाच बाथरूमचे पाच गीझर एकदम लागले की जुनं वायरिंग तापतं, फ्यूज उडतो. त्यांच्या जागी एक पंप आला तर लोड उतरतो.

नव्या इमारतींना मात्र कसलीच सबब नाही. माझ्या मावशीच्या नव्या टॉवरमध्ये ब्रोशरवर 'सोलर हॉट वॉटर' छापलंय. प्रत्यक्षात ते येतं मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये, सकाळी दोन तास. मजले वीस, गच्ची एक, पॅनेल बसणार किती! बांधतानाच टाकीची जागा आणि वेष्टण घातलेले पाइप दिले, तर नंतर हीट पंप बसवणं म्हणजे एका दिवसाचं काम. भिंती उभ्या राहिल्यावर तेच काम मीटिंगमागून मीटिंगमध्ये अडकतं.

खरी गाठ वेगळीच आहे. यंत्र विकत घेतो मालक आणि बिल भरतो आपण, भाड्यात नाहीतर वर वेगळे पैसे मोजून. मग मालकाने स्वस्त गीझर सोडून महाग यंत्र का घ्यावं? मी काकूंना सगळं गणित कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे गं तुझं. पण मी लाखभर घालायचे आणि तुम्ही एप्रिलमध्ये परीक्षा झाली की बॅगा भरून जायचं!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाचजणींचं घर, परवडतच नव्हतं.

कॉलेजच्या हॉस्टेलला हे कारण देता येत नाही. तिथे दरवर्षी नवी बॅच येते, अंघोळी तेवढ्याच राहतात, इमारत आणि बिल दोन्ही कॉलेजचं. फी भरताना आपण मेसचा मेनू विचारतो, वायफायचा स्पीड विचारतो. यंदा पाणी कशावर तापतं तेही विचारा, आणि हॉस्टेल कमिटीच्या पुढच्या बैठकीत मागच्या जानेवारीचं लाइट बिल मागा. वरची आकडेमोड तुमच्या आकड्यांनी करून बघायला दहा मिनिटं लागतात. मी कॉमर्सची नाही, सायन्सचीही नाही, मला जमली.