फुरशाचे विष आणि परळची प्रयोगशाळा

पाऊस ओसरला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या कातळसड्यांवर गवत कापायला माणसे बाहेर पडतात. पेंढी उचलताना, गडग्याचा चिरा हलवताना किंवा उन्हाळ्यात पाल्यातल्या काजूबिया वेचताना बोटाला काहीतरी डसते. या किनारपट्टीवर पुष्कळदा ते फुरसे असते. साप जेमतेम हातभर. अंगाचे वेटोळे करून खवले घासत खरखर आवाज करणारा. एवढ्याशा सापाचे काय, म्हणून दंश अंगावर काढला जातो. सूज वाढते आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागते. फुरशाच्या विषाने रक्तातले गोठणारे घटक संपवलेले असतात.

रुग्णालयात अशा रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर विष भिनले आहे हे नक्की. मग प्रतिविषाच्या कुप्या फोडल्या जातात. लोक त्याला ‘सापाची लस’ म्हणतात. खरे तर ती लस नव्हे, घोड्याच्या रक्तात तयार झालेली आयती प्रतिद्रव्ये आहेत. त्या कुपीमागे सव्वाशे वर्षांहून जुने संशोधन आहे आणि त्यात कोकणाचाही वाटा आहे.

हे तत्त्व प्रथम सिद्ध झाले १८९० मध्ये बर्लिनला. टोकियोच्या विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेले शिबासाबुरो कितासातो आणि जर्मन शास्त्रज्ञ एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवले की, धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचून तयार केलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला त्या विषापासून वाचवतो. काही वर्षांतच फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी हीच पद्धत नागाच्या विषाला लावली. कितासातो मायदेशी परतले आणि १८९२ मध्ये टोकियोत संसर्गजन्य रोगांची संशोधन संस्था उभी राहिली. १९१६ मध्ये ती टोकियो विद्यापीठाला जोडली गेली.

आपल्याकडे अशी संस्था उभी राहिली ती प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि गिरण्यांतले चाकरमानी जीव मुठीत धरून गावाकडे पळाले. कोकणातल्या गावांनी त्या वर्षांची झळ सोसली. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी ही लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडताना झालेल्या संसर्गाचा होता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

परळच्या या वास्तूत केवळ लसी बनल्या नाहीत. प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवेमार्फत माणसात येतो, हे पक्के करणारे प्रयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथेच झाले. पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्या काळात प्लेगवर सल्फा औषधे तपासली गेली. शतकाच्या मध्यापर्यंत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध तयार झाले. ते सुकवून भुकटीच्या रूपात आले, तेव्हा वीज नसलेल्या गावातही ते ठेवता येऊ लागले. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रासाठी ही सोय किती मोलाची, हे तिथे रात्रपाळी केलेल्याला सांगावे लागत नाही.

या औषधासाठी विष लागते आणि विषासाठी साप. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांची कधीच वानवा नव्हती. एकोणिसाव्या शतकात ती मारण्यासाठी सरकार बक्षीस देई आणि मारलेल्या फुरशांची गणती लाखांवर जाई. पुढे याच कातळांवर पकडलेली फुरशी जिवंतपणी परळला जाऊ लागली. ज्या सापाने गावकरी दगावत, त्याच सापाच्या विषातून त्यांना वाचवणारे औषध बनू लागले.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण आणि चाचणी एकीकडे राहिली, औषधनिर्मिती महामंडळाकडे गेली. आज देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतेक विष तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. त्या साप पकडणाऱ्यांचे काम मोठे आहे. पण एकाच जातीच्या सापाचे विष सगळीकडे सारखे नसते. प्रदेश, भक्ष्य आणि वय यांनुसार त्यातले घटक बदलतात. एका भागातल्या विषावर बनवलेले औषध दुसऱ्या भागातल्या दंशावर कमी पडू शकते, मग कुप्या जास्त लागतात. आपल्या किनाऱ्यावरच्या फुरशाचे विष या औषधाने नेमके किती निकामी होते, हे इथले साप घेऊन मोजल्याशिवाय कळणार नाही. आंबोलीच्या जंगलातल्या चापड्याचा तर या चौघांत समावेशच नाही. त्याच्या दंशावर आपल्याकडे नेमके प्रतिविष नाही.

कितासातोंच्या संस्थेने अशा वेळी काय केले, ते पाहण्याजोगे आहे. जपानच्या दक्षिणेकडील अमामी बेटांवर ‘हाबू’ नावाचा विषारी साप शेतमजुरांना चावत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच टोकियोहून शास्त्रज्ञ त्या बेटावर गेले, तिथल्या सापांचे विष घेऊन प्रतिविष बनवू लागले. टोकियो विद्यापीठाचे संशोधन केंद्र आजही अमामी ओशिमा बेटावर आहे. राजधानीतले विद्यापीठ साप राहतो त्या बेटावर जाऊन बसले. आपल्याकडे फुरसे परळला गेले, पण परळची प्रयोगशाळा कातळावर आली नाही.

यासाठी नवे विद्यापीठ उभारायची गरज नाही. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येतच असतात. साप कोणता, दंश कुठे व केव्हा झाला, रुग्ण किती तासांनी पोहोचला, किती कुप्या लागल्या, मूत्रपिंड वाचले का, एवढ्याच नोंदी साऱ्या जिल्ह्यात एका नमुन्यात ठेवल्या, तरी मोठे काम होईल. वनखात्याच्या परवानगीने इथल्या सापांचे विष घेऊन ते हाफकिनमध्ये तपासणे ही दुसरी पायरी. महाडसारख्या गावातून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवला आणि १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातल्या लहान दवाखान्यातून जगाला उपचार देता येतो, याचा हा दाखला आहे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे. हा आकडा दिल्लीच्या कागदावर खाली येणार नाही. तो देवगडच्या सड्यावर, दोडामार्गच्या बागेत यावा लागेल. त्यासाठी हाफकिनला माणसे आणि पैसा पुरवणे हे राज्य सरकारचे काम आहे, तर नोंदी ठेवणे आणि पाठपुरावा करणे हे जिल्ह्याचे.

तोवर घरोघरी माहीत असावे असे थोडे: दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात-पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये, मांत्रिकाकडे तास घालवू नये. फुरशाचा परिणाम उशिराही दिसतो, म्हणून बरे वाटले तरी २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे. आणि साप मारून आणण्याच्या नादात दुसऱ्याला दंश होऊ देऊ नये. काचेच्या नळीतले रक्त काय ते सांगते.