संपणारे खेळ

मुलांनीं व्हिडिओ गेम खेळावे कीं न खेळावे, हा प्रश्न हल्लीं पालकसभेंत हटकून निघतो, आणि त्याचीं उत्तरेंही ठरलेलींच असतात. कोणी म्हणतात, हें व्यसन मुळापासून उपटून टाकावें. कोणी म्हणतात, काळच तसा आला आहे, त्यास इलाज नाहीं. आम्हांस हीं दोन्ही उत्तरें पटत नाहींत. वाईट पुस्तकें निघतात म्हणून कोणी सुज्ञ पालक मुलाचें वाचन बंद करीत नाहीं, आणि हातीं पडेल तें वाच असेंही त्यास सांगत नाहीं. तो पुस्तक निवडून देतो. खेळही तसेच निवडून द्यावे असें आमचें मत आहे, आणि त्या निवडीची आमची मुख्य कसोटी ही कीं, जो खेळ संपतो तो बरा.

मोबाईलवरील पुष्कळ खेळ संपूंच नयेत अशा बेतानें रचलेले असतात. ते फुकट मिळतात, परंतु पुढें नाणीं, पेट्या, पोशाख अशा निमित्तांनीं पैसा मागत राहतात. एक दिवस न खेळल्यास बक्षीस बुडतें. मूल पुस्तक उघडून बसलें तर सूचना पाठवून त्यास परत बोलावितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तींत खेळाच्या विकृतीचीं तीन लक्षणें दिलीं आहेत. खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून खेळास अधिक महत्त्व येणें, आणि हानि दिसत असूनही तो न थांबणें, हीं तीं होत. जो खेळ स्वतःच कधीं थांबत नाहीं, त्यापुढें लहान मुलानें आपण होऊन थांबावें ही अपेक्षा फार मोठी आहे.

म्हणून आम्ही एका जुन्या यंत्राकडे लक्ष वेधूं इच्छितों. क्योटो शहरांत १८८९ सालीं पत्ते बनविण्यासाठीं निघालेल्या निन्टेन्डो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत 'फॅमिली कॉम्प्युटर' हें यंत्र विक्रीस आणिलें. १९८५ सालीं तेंच वेगळ्या नांवानें व रूपानें अमेरिकेंत गेलें. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत त्याच्या नकला घरोघरीं टीव्हीस जोडलेल्या असत. आजच्या पालकांपैकीं कित्येकांनीं त्यांत कॅसेट बसविण्यापूर्वीं तींत फुंकर मारिली असेल, आणि '९९९९ खेळ' असें छापलेल्या कॅसेटींत तेच पांचदहा खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां येतात, हा अनुभवही घेतला असेल. त्या यंत्रावरील पांच खेळ आम्हांस विशेष आवडतात.

पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५). शिगेरु मियामोटो व ताकाशी तेझुका यांनीं रचिलेल्या या खेळांत आठ प्रदेश, प्रत्येकांत चार टप्पे, असे एकंदर ३२ टप्पे आहेत. शेवटचा ओलांडला कीं खेळ पुरा झाला. शिकविणाऱ्यानें त्याचा पहिला टप्पा अवश्य पाहावा. सूचनेचा एक शब्दही नाहीं. समोरून एक लहान शत्रु येतो, आणि उडी मारिली पाहिजे हें मूल आपोआप शिकतें. सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावला आहे; मोबाईलनें काढिलेलें एक छायाचित्र याहून कित्येक पटींनीं मोठें असतें. जागा वांचविण्यासाठीं आकाशांतील ढग व जमिनीवरील झुडुपें एकाच आकृतीचीं केलीं, केवळ रंग बदलला. थोडक्या साधनांत नेटकें काम कसें करावें याचा असा धडा क्वचितच मिळतो.

दुसरा 'द लीजेंड ऑफ झेल्डा' (१९८६). मियामोटो लहानपणीं क्योटोजवळच्या डोंगरांत व गुहांत हिंडत. त्या हिंडण्यांतला आनंद त्यांनीं या खेळांत आणिला. येथें वाट कोणी दाखवीत नाहीं. मुलानें कागद-पेन्सिल घेऊन नकाशा काढावा, कोठें काय सांपडलें तें टिपून ठेवावें, आणि नऊ भुयारें एकामागून एक जिंकावीं. अमेरिकेंत निघालेल्या कॅसेटींत एक लहान बॅटरी असे, तिच्या योगें खेळ सोडला तेथून दुसऱ्या दिवशीं सुरू करितां येई. जुनी कॅसेट मिळाल्यास ती बॅटरी जिवंत आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें.

तिसरा 'टेट्रिस'. मॉस्कोंतील अलेक्सेय पाजित्नोव यांनीं १९८४ सालीं तो रचिला. निन्टेन्डोनें या यंत्रासाठीं तो १९८९ सालीं काढिला. चार चौकटींचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून ओळी भरावयाच्या. याच्या 'ए' प्रकारास ठराविक शेवट नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील १३ वर्षांचा एक मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोंचला, तेव्हां यंत्रच थबकलें. आमच्या कसोटीस उतरतो तो 'बी' प्रकार : २५ ओळी मोडल्या कीं डाव पुरा होतो. आम्ही मुलांस तोच सुचवितों.

चौथा 'एक्साइटबाइक' (१९८४), मोटारसायकलींची शर्यत. जोराची कळ दाबून धरिली तर गाडी पुढें सुटते, पण इंजिन तापून अखेर बंद पडतें. म्हणून जोर केव्हां लावावा व केव्हां आवरावा हेंच यांतलें खरें कौशल्य. शिवाय मुलास आपल्या मनाचा रस्ता रचितां येतो. यंत्र बंद केलें कीं तो पुसला जातो, यास्तव त्याची आकृति वहींत उतरून ठेवावी.

पांचवा 'कॉन्ट्रा' (१९८८), आठ टप्प्यांचा. यांत बंदुका आहेत, म्हणून तो वरच्या इयत्तांतील मुलांनींच खेळावा. परंतु दोघांनीं जोडीनें खेळण्यासारखा असा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाहीं. तिसऱ्या टप्प्यांत धबधबा चढावयाचा असतो. एकजण घाईनें वर गेला कीं चित्र वर सरकतें आणि मागें राहिलेला खालीं पडून मरतो. दोघां भावांनीं हा टप्पा एकदां खेळावा. मागच्यासाठीं थांबावयाचें असतें हें थोरल्यास कोणी निराळें सांगावें लागणार नाहीं.

कोणी म्हणतील, हे खेळही मुलांस तासन्‌तास बसवून ठेवीत. त्या काळींही आई स्वयंपाकघरांतून ओरडतच असे. हें खरें आहे. कोणतेंही यंत्र मुलाची राखण करीत नाहीं. परंतु फरक असा कीं, तें ओरडणें ऐकून यंत्र बंद केल्यावर तें बंदच राही. तें मुलास मागाहून हांक मारीत नसे, त्याच्या बापाच्या खात्यांतील पैसा मागत नसे, आणि कोण अनोळखी मनुष्य पलीकडून बोलतो आहे ही चिंता घरास नसे. खेळ दिवाणखान्यांत सर्वांच्या देखत चाले, आणि पाठची बहीण आपली पाळी केव्हां येते याची वाट पाहत शेजारीं बसलेली असे.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मोबाईल हातीं देऊन मुलास एकटें सोडूं नये. असें जुनें यंत्र घरीं अगर आप्तांकडे असेल तर तें धूळ झाडून काढावें, आणि निदान एक टप्पा मुलाबरोबर स्वतः खेळावा. आपल्या बोटांस जुनी संवय अजून आहे असें बहुतेकांस आढळेल. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं मैदानावरील खेळ आधीं खेळावे, अभ्यास पुरा करावा, आणि मग टीव्हीपुढें बसावें. बसण्यापूर्वीं आज किती टप्पे खेळावयाचे तें ठरवावें, व तेवढे झाल्यावर कळ आपल्याच हातानें बंद करावी. आईनें हांक मारण्याच्या आधीं ती बंद झाली तर आम्हांस विशेष संतोष वाटेल.