सुटी आणि लहान मुलांचे मन

शाळेची शेवटची घंटा होऊन उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे मुले उड्या मारीत घरी जातात, हे दृश्य आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहो. सुटी म्हणजे सुख, अशी सर्वांचीच समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे, असे आम्हांस अनुभवाने वाटू लागले आहे. चारपाच वर्षांच्या मुलास सुटीचा आनंद होतो, त्याचप्रमाणे पुष्कळदा त्याच्या मनावर ताणही पडतो. तो त्यास शब्दांत सांगता येत नाही; म्हणून हट्ट, पोटदुखी, नखे खाणे, अंथरूण ओले करणे किंवा झोपेत दचकणे अशा रूपाने तो बाहेर पडतो. आपण त्यास व्रात्यपणा समजून रागावतो, आणि येथेच आपली चूक होते.

आमच्या चऱ्होलीचीच गोष्ट घ्या. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्यानंतर जेथे शेते होती तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबे दूरदूरच्या जिल्ह्यांतून येथे राहावयास आली. अशा अनेक घरांत वडील रात्रपाळीस व आई दिवसा कामावर जाते. आजी-आजोबा तिकडे गावी. शाळा चालू असता मुलाचा दिवस घंटेच्या तालावर चालतो. सुटी लागताच घंटा थांबते, सोबती पांगतात, आणि मूल बंद दाराआड उरते.

गेल्या वर्षी आठवीतील एक विद्यार्थी आम्हांस म्हणाला, “सर, आमची धाकटी फार हट्टी झाली आहे. ताट भिरकावते, रात्री उठून रडते.” मुलगी पाच वर्षांची. दिवसभर ती काय करते, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, “बाबा रात्रपाळी करून झोपलेले असतात, म्हणून तिला मोबाईल देतो आणि आवाज करू नकोस म्हणून सांगतो.” त्या बालिकेने सुटीत सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य हेच असावे! यात दोष कोणास द्यावा? रात्रभर यंत्रापुढे उभा राहिलेला बाप दिवसा झोपणारच, आणि आईने कामावर न जावे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि दोष कोणाचाच नसला, तरी दुःख त्या बालिकेचे होतेच.

असे दुःख जगास नवे नाही. १९०७ सालच्या जानेवारीत रोम शहरातील मजुरांच्या वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले, ते अशाच मुलांसाठी. आईबाप कामावर गेले, की ही मुले इमारतीच्या जिन्यांवर एकटी हिंडत व भिंती खराब करीत. म्हणून मालकांस त्यांची काही व्यवस्था हवी होती. या मुलांच्या सहवासात माँटेसरीबाईंस असे दिसून आले, की लहान मुलास सुव्यवस्था अतिशय प्रिय असते. नेहमीचा क्रम मोडला, की ते बेचैन होते. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हीच पद्धती १९४५ साली बोर्डीस नेली आणि गरीब मुलांच्या अंगणापर्यंत पोचविली. त्यासाठी महाग साधने लागली नाहीत. दगड, शिंपले, पाने व बिया यांवरच काम भागले.

म्हणून आमचे मत असे, की सुटीत लहान मुलास अधिक करमणूक देण्यापेक्षा दोन गोष्टी द्याव्यात. पहिली, दिवसास काही ठरलेला क्रम. उठणे, जेवणे, खेळणे व निजणे यांच्या वेळा फारशा ढळू देऊ नयेत. तीनचार वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी, व पडद्यापुढे बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. भाजी निवडणे, झाडास पाणी घालणे असे एखादे लहानसे काम मुलाकडे रोज असावे. आजोळी धाडावयाचे असल्यास किती दिवस व कोणाजवळ राहावयाचे, हे आधी सांगावे. मूल रडेल म्हणून चोरून निघून येऊ नये.

दुसरी गोष्ट, भावनेस नाव. मूल संतापले असता उपदेश त्याच्या कानांत शिरत नाही. आधी त्यास जवळ घ्यावे, शांत होऊ द्यावे, आणि मग म्हणावे, “तुला राग आला ना? दादाने खेळणे घेतले म्हणून?” राग येणे हा अपराध नव्हे, मारणे मात्र चालणार नाही, हे त्यास तेव्हाच समजते.

वरील घरी त्याप्रमाणे करून पाहिले. भाऊ सकाळी तिला घेऊन खाली खेळू लागला. सायंकाळी दोघे वाघेश्वराच्या टेकडीकडे फिरावयास जात. वडील उठल्यावर चहा घेता घेता तिच्याशी बोलत बसत. हट्ट सर्वस्वी गेला नाही. परंतु एके दिवशी ताट न फेकता ती म्हणाली, “मला राग आलाय.” आमच्या मते ही प्रगती लहान नव्हे.

आम्हां शिक्षकांसही येथे थोडे शरमले पाहिजे. सुटीचा गृहपाठ आम्ही इतका जाडजूड देतो, की जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वीचा आठवडा घरोघरी रडण्यात जातो. तो हलका करणे आमच्या हाती आहे. एवढे करूनही एखाद्या मुलाची झोप व भूक कित्येक दिवस उडाली, तर वैद्यास दाखवावे. शासनाची २०२२ साली सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत आईवडील कामावर असता धाकट्या भावंडांची राखण तुमच्यापैकी अनेकांकडे येईल. ते ओझे तुमच्या वयास थोडे जडच आहे, हे आम्ही जाणतो. कंटाळा आला, तर तोही आईवडिलांस मोकळेपणाने सांगा. मात्र धाकटे रडू लागले, की त्याच्या हाती मोबाईल देण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा आणि काय झाले ते विचारा. मोठेपणी पुष्कळ गोष्टी विसरतील. पण त्या वेळी कोणीतरी विचारले होते, हे ते विसरणार नाही.