भाकितांचा फड आणि मल्लाचा खुराक

यात्रांचा हंगाम जवळ आला की जेऊर स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मैदानाचे पत्रक येऊन पडते. सोलापूर-पुणे लोहमार्गावरचे हे करमाळा तालुक्यातील गाव. एका बाजूला उजनीच्या फुगवट्यावर वाढलेला ऊस आणि केळी, दुसऱ्या बाजूला अजून पावसाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू शिवारे. गाडीची वाट पाहणारा प्रवासी, ऊसतोडीचा हिशेब करणारा मुकादम, दूध घालून परतणारा शेतकरी, असे सारेच त्या पत्रकावर वाकतात. एक नंबरची कुस्ती कोणाची, दोन नंबरची कोणाची, जोड बरोबरीची आहे की एकतर्फी, याची चर्चा सुरू होते आणि चहा दोनदा गार होतो. मैदान अजून आठ दिवसांवर असते. टपरीवर मात्र सगळ्या कुस्त्या निकाली झालेल्या असतात.

शहरी सुशिक्षिताला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. तो त्याचा गैरसमज आहे. हे भाकीत ऐकणाऱ्याने जरा कान देऊन ऐकावे. अमक्या मल्लाचा पट काढण्याचा हात कोणता, तमक्याचा दम पाचव्या मिनिटाला का तुटतो, गेल्या यात्रेत गुडघा दुखावला तो भरला की नाही, वस्ताद बदलल्यापासून तो घिस्सा सोडून ढाकेवर का जाऊ लागला, इतके बारकावे तिथे बोलले जातात. ज्यांनी वर्तमानपत्राखेरीज दुसरे काही फारसे वाचले नाही, अशी माणसे वीस-वीस वर्षांच्या कुस्त्या तोंडपाठ सांगतात, पुरावे देतात, दुसऱ्याचा पुरावा खोडून काढतात आणि चूक ठरल्यास पुढच्या आठवड्यात कबूलही करतात. श्रमिकांच्या जीवनात ज्ञान साठविण्याच्या आणि तपासून पाहण्याच्या ज्या थोड्या जागा शिल्लक आहेत, त्यांपैकी ही एक आहे. तिचा उपहास करणारा कार्यकर्ता लोकांपासून तुटतो, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु भाकीत चुकते, आणि ते का चुकते यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. यात्रेतल्या तांबड्या मातीवर कुस्ती चितपटीने निकाली होते. नाही झाली तर पंच ती सोडवतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, गुण मोजले जातात, दहा गुणांची आघाडी घेतली की कुस्ती तेथेच संपते. मातीवर दम राखून प्रतिस्पर्ध्याला थकविणारा मल्ल गादीवर पहिल्या दोन मिनिटांतच मागे पडू शकतो. 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात व त्यांच्या विजेत्यांत अंतिम कुस्ती होते. टपरीवरचे पुष्कळसे अंदाज मातीच्या अनुभवावर बेतलेले असतात. गादीचे अंकगणित ते जमेस धरत नाहीत. पूर्वीच्या वस्तादाला एवढाच प्रश्न होता की पाठ टेकली की नाही. आजच्या प्रेक्षकाला गुणाचा नियमही ठाऊक असावा लागतो, आणि तो नियम त्याला समजावून सांगण्याचे कष्ट संयोजक क्वचितच घेतात.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या कोथरूडला झालेल्या स्पर्धेत या अज्ञानाची किंमत सर्वांनी पाहिली. माती विभागाच्या अंतिम लढतीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे. त्यामुळे या जिल्ह्यातील गावोगावच्या टपऱ्या आधीपासूनच दुभंगल्या होत्या. एका टांगेच्या डावावर पंचांनी गायकवाड यांना चार गुण दिले आणि निकाल फिरला. त्यानंतर कित्येक दिवस राज्यभर त्या एका क्षणाची चित्रफीत पुनःपुन्हा पाहिली गेली. डाव पूर्ण झाला होता की अर्धवट, गुण चार की कमी, हा वाद तांत्रिक होता आणि तांत्रिक पातळीवरच सोडविता आला असता. पण तो मल्लाच्या धर्मापर्यंत नेण्यात आला, आणि पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फुलगावच्या स्पर्धेत शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवून गदा मिळविली. ज्यांनी जानेवारीत अन्यायाची हाकाटी केली होती, त्यांनी आता आपले भाकीत खरे ठरल्याचा जल्लोष केला. मधल्या दहा महिन्यांत गुणांचे नियम लोकांना समजावेत म्हणून कोणी काय केले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

अंदाज बांधणे वेगळे आणि निकालावर मालकी सांगणे वेगळे. पहिल्यात बुद्धी चालते, दुसऱ्यात अहंता. 'आमचा पैलवान पडूच शकत नाही' असे एकदा ठरले की तो पडल्यावर पंच चोर ठरतो, संयोजक विकले गेलेले ठरतात, आणि शेवटी जात व गाव बाहेर येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत हीच वृत्ती आखाड्यातच उतरली. पृथ्वीराज मोहोळ यांच्याशी झालेल्या कुस्तीत आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असा शिवराज राक्षे यांचा दावा होता. संतापाच्या भरात त्यांनी पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीतही वाद झाला, आणि राक्षे व गायकवाड या दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. लाथेचे समर्थन होऊ शकत नाही. पण लाथेपर्यंत गोष्ट जाईस्तोवर निर्णयाची फेरतपासणी सर्वांच्या डोळ्यांसमोर व्हावी अशी सोय का नव्हती, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. शिक्षा मल्लाला झाली. व्यवस्थेला कोण करणार?

ही व्यवस्था कशी आहे तेही पाहावे. राज्यातील कुस्तीच्या कारभारात दोन तट पडल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच राज्यात दोन 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा झाल्या, एक फुलगावला आणि दुसरी धाराशिवला. गदा दोन, केसरी दोन आणि मल्ल मात्र तेच. २०२५ मध्येही अहिल्यानगरपाठोपाठ कर्जतला आणखी एक स्पर्धा झाली. १९६१ पासून चालत आलेल्या किताबाची अशी वाटणी करून घेणारे पुढारी व्यासपीठावर फेटे बांधून बसतात, आणि खाली बसलेल्या प्रेक्षकाने निकाल शांतपणे स्वीकारावा, असा उपदेश करतात. ज्याला स्वतःच्या घरातला निकाल लावता येत नाही, त्याने दुसऱ्याला खिलाडूपणा शिकवू नये.

आता या भाकितात पैसा शिरला म्हणजे काय होते ते पाहू. यात्रेच्या मैदानात पैज लावणारे पूर्वीही होते. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे, म्हणजे व्यसन त्याहून जुने. पण टपरीवरची पैज फार तर चहाची किंवा फेट्याची होती. मोबाइलने तिला कारखान्याचे रूप दिले. कोण जिंकेल ते सांगा आणि पैसे मिळवा, ही हाक खेड्यातल्या बेकार तरुणाच्या हातात चोवीस तास वाजू लागली. हा जुगार नव्हे, कौशल्य आहे, असा बचाव वर्षानुवर्षे करण्यात आला. घोड्यांच्या शर्यतीवरील पैज कौशल्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. या बंदीचे स्वागतच करावे लागेल. कारण टपरीवरच्या माणसाचे कौशल्य शंभर टक्के खरे असले तरी पेढीवाला आपला हिस्सा आधी काढून ठेवतो आणि उरलेले या कुशल माणसांना आपापसांत लढून वाटून घ्यावे लागते. तथापि कायद्याने अॅप बंद होते, बेकारी बंद होत नाही. आणि बेकारी असेपर्यंत सट्ट्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

पैसा वाढला की आणखी एक गोष्ट घडते. कुस्ती नुरा असल्याचा संशय बळावतो. मल्ल प्रामाणिकपणे हरला तरी 'किती घेतले?' असा प्रश्न त्याच्या पाठीमागे लागतो. ज्या खेळात हार म्हणजे फक्त पाठीला लागलेली माती होती, त्या खेळात ती चारित्र्याला लागलेला डाग ठरू लागते.

परदेशातील उदाहरण येथे उपयोगी पडावे. अमेरिकेत १९९३ साली यूएफसी या कंपनीने मिश्र मल्लयुद्धाचे सामने सुरू केले. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्युदो असे सारे प्रकार त्यात एकत्र येतात. आज तेथे सामन्यांची यादी जाहीर झाली की प्रत्येक नावापुढे सट्ट्याचा भाव छापला जातो आणि जगभरचे रसिक अंदाज वर्तवू लागतात. आपल्याकडचे मल्लही त्या वाटेने जाऊ लागले आहेत. जून २०२४ मध्ये पूजा तोमर यांनी त्या रिंगणात पहिला भारतीय विजय मिळविला. पण त्या झगमगाटामागचे दुसरे सत्य असे की, कंपनीने मक्तेदारीच्या बळावर आपला मोबदला दाबून ठेवला, असा दावा तेथील मल्लांनीच न्यायालयात केला आणि अखेर कंपनीला ३७ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २०२५ साली न्यायालयाने तिला अंतिम मान्यता दिली. कोट्यवधी लोक ज्याच्या जयपराजयाचे भाकीत करीत होते, त्याला स्वतःच्या घामाचा भाव मिळविण्यासाठी दहा वर्षे खटला लढावा लागला. भाकितांच्या एवढ्या गदारोळात हा आकडा कोणी वर्तविला नव्हता.

जेऊरच्या पत्रकाकडे पुन्हा पाहिले म्हणजे हा प्रश्न आपल्याही दारात उभा असल्याचे कळते. त्या कागदावर देणगीदार पुढाऱ्याचे छायाचित्र मोठे असते, इनामाचा आकडा ठळक असतो, मल्लाचे नाव त्याखाली असते. हरणाऱ्याला काय मिळणार याचा उल्लेख बहुधा नसतो. मान मुरगळली, खांदा निखळला तर औषधपाणी कोणी करायचे, याचा तर नसतोच. दूध, तूप, बदाम, तालमीतला मुक्काम यांचा खर्च वर्षाचे बारा महिने चालू असतो. इनाम मिळते ते यात्रेच्या हंगामात आणि तेही पडले नाही तर. ज्या घरात दोन म्हशी व चार एकर बागायत आहे, त्या घरचा मुलगा पुढे जातो. मोहोळच्या सिकंदर शेख यांचे वडील हमाली करीत. अशा घरातून एक मल्ल वर येतो तेव्हा त्याचे कौतुक होते, पण खुराकाअभावी तालीम सोडून ऊसतोडीला गेलेल्या दहांची नावे कोणत्याच पत्रकावर नसतात. खरे भाकीत करावयाचे तर ते त्यांच्याविषयी करावे लागेल, आणि ते फारसे अवघडही नाही.

राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधले ते १९१२ मध्ये. मल्लांचा खुराक हा संस्थानाच्या खर्चाचा विषय आहे, असे त्यांनी मानले. स्वतंत्र भारतात मात्र खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. त्या कांस्यपदकाचे आज सर्वांना कौतुक आहे. जेऊरचेच नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर चित्रपट करण्याचे २०२३ साली जाहीर केले. पण १९८४ मध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंत खाशाबांना अर्जुन पुरस्कारही मिळाला नव्हता. तो मरणोत्तर देण्यात आला. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळच्या केसरींना पुढे पोलीस उपअधीक्षकपद मिळाले, हे योग्यच झाले. शिखरावरच्या दोघांना खुर्ची मिळाली म्हणून पायथ्याच्या शेकड्यांची भूक मिटत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी या विषयाकडे करमणूक म्हणून पाहू नये. गावोगावच्या यात्रा समित्यांत त्यांचे बसणे-उठणे असतेच. इनामाचा ठरावीक हिस्सा हरणाऱ्यालाही मिळेल, असे पत्रकावर छापून घ्यावे. मैदानावर डॉक्टर हजर असावा आणि जखमी मल्लाच्या उपचाराची जबाबदारी समितीने लेखी घ्यावी. कुस्ती सुरू होण्यापूर्वी नियम भोंग्यावरून सोप्या मराठीत सांगावेत आणि वादग्रस्त निर्णयाचे कारण पंचांनी तेथेच जाहीर करावे. पुढाऱ्याच्या छायाचित्राइतकी जागा मल्लाच्या तालमीला व वस्तादाला द्यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वर्गणी गावाची आहे, तेव्हा अटही गावाला घालता येते.

स्थानकाबाहेरच्या टपरीवर भाकिते होतच राहतील आणि व्हावीतही. फक्त 'कोण जिंकणार?' या प्रश्नानंतर 'हरणाऱ्याच्या घरी उद्या चूल कशावर पेटणार?' हा प्रश्न त्याच बाकावर, त्याच अधिकारवाणीने विचारला गेला पाहिजे. ज्या माणसांना मल्लाचा दम कोणत्या मिनिटाला तुटतो हे इतके अचूक कळते, त्यांना तो का तुटतो हेही कळल्यावाचून राहणार नाही.